शेजारच्या गच्चीवरचा टॉवर

होळीनंतर आठव्या दिवशी बास्योडा आला की खातीपुऱ्यातली ती केस मनात पुन्हा उघडते. फाईल केव्हाच बंद झाली, मलाही निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तरी त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नाही.

आधी थोडं स्वतःविषयी. वडील रेल्वेत खलाशी होते, जळगावहून जयपूरला आले आणि इथलेच झाले. मी बारावीनंतर पोलिसांत कॉन्स्टेबल म्हणून लागलो, सब-इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो, आणि आता या वयात मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक उघडणारा मी पहिलाच. इतकी वर्षं रोजनामचा हिंदीत लिहिला, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. नावं कुणाचीच देत नाही.

बास्योडा म्हणजे शीतलामातेचा दिवस. जयपूरकडच्या घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या रात्री केलेली बाजरी-ताकाची राबडी आणि तळलेले गोड पुए थंडच खायचे. चाकसूला मातेची मोठी जत्रा भरते आणि सकाळपासून गल्ल्या रिकाम्या होतात. अशाच एका बास्योड्याला दुपारी आमच्या ठाण्यात एका मोबाईल कंपनीचा तंत्रज्ञ आला. खातीपुऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवर त्यांचा टॉवर होता. त्याच्या सगळ्या केबल कुणीतरी करवतीने कापल्या होत्या. आसपासच्या गल्ल्यांत फोन बंद. रिपोर्ट दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

ते घर एका निवृत्त शिक्षकांचं. शिक्षकांना इकडे माटसाब म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांनी दोन वर्षांपूर्वी गच्ची कंपनीला भाड्याने दिली होती आणि तेव्हापासून गल्लीत भांडण पेटलेलं होतं. कुणी म्हणे डोकं दुखतं, कुणी म्हणे चिमण्या गेल्या, कुणाला पोटातल्या बाळाची काळजी. सह्यांचे अर्ज आमच्याकडेही आले होते. टॉवरने खरंच काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही खात्रीने सांगता येणार नाही. कंपनीचे कागद म्हणत होते सगळं मर्यादेत आहे. पण भीतीला कागद दाखवून उपयोग होत नाही, आणि घर घ्यायला आलेल्या माणसाला तर मुळीच नाही. गंमत अशी की केबल कापल्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांनी अर्जावर पहिली सही केली होती तेच गृहस्थ ठाण्यात येऊन विचारत होते, “नेटवर्क कब आएगा साहब?”

संशय सगळ्यांचा एकाच माणसावर होता. माटसाबांच्या भिंतीला भिंत लागून एका मराठी काकांचं घर होतं. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे, पंचवीस वर्षं त्याच घरात. काकूंची नजर कमी होत चालली होती आणि मुलगी नागपुरात. घर विकून तिच्याजवळ जायचं ठरलं होतं. पण गिऱ्हाईक यायचं, खोल्या बघायचं, गच्चीवर जायचं, शेजारच्या टॉवरकडे मान वर करायचं आणि “कळवतो” म्हणून निघून जायचं. अशी तीन गिऱ्हाइकं गेली. जो चौथा आला त्याने निम्म्याच्या जरा वर किंमत सांगितली. पंचवीस वर्षांची मैत्री त्या टॉवरपायी तुटली होती. काका आणि माटसाब दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते.

आमचे एसएचओ, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, म्हणाले, “आपके मुल्क के हैं, आप ही पूछ लो.” मी काकांना गणपती मंडळातून ओळखत होतो, म्हणून मलाच अवघड वाटत होतं. त्यांना बोलावलं, पाणी दिलं, विचारलं. बास्योड्याच्या सकाळी घरीच होतो, एवढंच ते बोलले. कुणाला पाहिलंत का, तर नाही. संशय तुमच्यावर आहे असं सांगितल्यावरही आवाज चढला नाही. माझा अनुभव असा की ज्याने काही केलेलं नसतं तो आधी चिडतो. काका चिडले नाहीत. हातातल्या कापडी पिशवीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मी मनात नोंद केली की हा माणूस काहीतरी लपवतो आहे. ते बरोबर होतं, पण त्याचा अर्थ मी साफ चुकीचा लावला.

जागेची पुन्हा पाहणी केली तेव्हा चूक लक्षात आली. माटसाबांच्या गच्चीच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, किल्लीने उघडून पुन्हा लावलेलं. दोन गच्च्यांमधला कठडा छातीएवढा, आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते स्वतःच्या जिन्यावरही एकेक पायरी थांबत चढायचे. किल्ल्या दोनच होत्या. एक तंत्रज्ञाकडे, आणि तो त्या सकाळी दुसऱ्या टॉवरवर होता. दुसरी माटसाबांकडे. माटसाब म्हणाले, मी तर घरच्यांबरोबर चाकसूला होतो.

त्याच संध्याकाळी आमचा बीट कॉन्स्टेबल बातमी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसायचा. त्याने पाहिलं होतं की माटसाबांच्या घरची सगळी मंडळी जीपमध्ये बसली, माटसाबांनी हात हलवला आणि ते घरात परत गेले. इतक्या वर्षांत त्यांची जत्रा पहिल्यांदाच चुकली होती.

मी काकांना निरोप पाठवला की तुमच्यावर संशय उरलेला नाही, निश्चिंत राहा. आता तपास माटसाबांकडे वळला आहे हे त्यांना कळलंच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काका स्वतःहून ठाण्यात हजर, इस्त्रीचा शर्ट, तीच पिशवी.

“माझा जबाब बदलायचा आहे,” ते म्हणाले.

मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, की बास्योड्याच्या सकाळी माटसाब आमच्याकडे होते. घरचे जत्रेला गेले, मग मागच्या दाराने समेट करायला आले. गल्लीत कळू नये म्हणून दोघंही गप्प राहिलो. दीड तास बसले. इथवर मला पटत आलं होतं. मग गोष्ट पक्की करण्यासाठी काकांनी पुढचं वाक्य जोडलं.

“हिने गरम गरम पोहे केले होते. दोन प्लेटा खाल्ल्या त्यांनी. वरून चहा.”

मी पेन खाली ठेवलं.

“काका, बास्योडा होता.”

“हो ना, तेच तर सांगतोय.”

“माटसाबांच्या घरी तीन पिढ्यांत कुणी त्या दिवशी गरम घास तोंडात घातलेला नाही. चहासुद्धा नाही.”

काकांच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. पंचवीस वर्षं जयपुरात काढली, शेजारून दर वर्षी पुए आले, पण त्यांच्या स्वतःच्या घरी गॅस रोजच्यासारखा पेटत होता. खोटं रचताना माणूस आपल्याच स्वयंपाकघरातून सामान उचलतो.

पिशवी टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मी पाहिलं होतं रे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो होतो. करवत चालवत होते आणि रडत होते.”

म्हणजे स्वतःवर आळ होता तेव्हाही हा माणूस गप्प होता. ज्याच्या टॉवरने यांचं घर पडून राहिलं, त्याच्यासाठी. मी तो कागद फाडला. त्यावर सही झालेली नव्हती. नियमाने ते बरोबर होतं का, याचा विचार मी अजून करतो.

माटसाबांना फार विचारावं लागलं नाही. मी फक्त पोह्यांचं सांगितलं. ते आधी हसले, मग तोंडावर पंचा घेतला. त्यांनी कंपनीला टॉवर काढायची पत्रं लिहिली होती, पण करार लांबचा होता. चौथं गिऱ्हाईक गेलं तेव्हा ते खिडकीत होते. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या आणि दिसत नसल्यामुळे, माणूस निघून गेला तरी त्याला साखर किती विचारत होत्या.

“उस दिन से मुझसे रोटी नहीं निगली गई,” माटसाब म्हणाले. टॉवर दोन-चारदा बंद पडला तर कंपनी कंटाळून काढून नेईल, असं त्यांना वाटलं होतं. करवत त्यांनी स्वतःच कुंड्यांमागून काढून दिली.

गुन्हा घडला होता, तो मी लिहिला. जामीन द्यायला कोण आलं हे सांगायला नको. काका कोर्टाच्या पायऱ्या एकेक करून चढत होते आणि माटसाब वरून ओरडत होते, “अरे धीरे, घुटना नया है!” पुढे नुकसान भरून दिल्यावर कंपनीने कोर्टात तडजोड केली. टॉवर मात्र हलला नाही. काकांचं घर दुसऱ्या वर्षी विकलं गेलं. पुण्याचं एक तरुण जोडपं आलं, घरूनच काम करणारं. त्यांनी गच्चीवर जाऊन टॉवर पाहिला, मग फोनमधली रेंज पाहिली, आणि घर पसंत केलं. किंमत काकांच्या मनातली नव्हती, पण काकू मुलीकडे पोहोचल्या.

या केसने मला काय शिकवलं, हे नीट मांडता येईल की नाही माहीत नाही. नोकरीभर मी खोटं पकडत आलो. खोटं सापडलं की गुन्हेगार सापडला, असं धरून चालायचो. त्या दिवसानंतर प्रत्येक खोट्याला एक प्रश्न जास्त विचारू लागलो, की हे कुणासाठी बोललं गेलं?

गेल्या बास्योड्याला मी खातीपुऱ्यात माटसाबांकडे गेलो होतो. अंगणात बसून थंड राबडी पीत होतो, वर टॉवर उभा होता. त्यांचा फोन वाजला. नागपूरहून काका होते. माटसाबांनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. तिकडून पहिलाच प्रश्न आला, आज काय खाल्लं?

माटसाबांनी हातातला थंड पुआ बाजूला ठेवला आणि पाठ केल्यासारखं मराठीत उत्तर दिलं, “गरम पोहे. दोन प्लेट.”