रिकामी दिसणारी टोपली

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची कचऱ्याची टोपली मी सकाळीच रिकामी केली होती. दुपारी जुने फोटो शोधायला कपाटातली हार्ड डिस्क काढून जोडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या टोपलीत कागदाचे बोळे दिसायला लागले. मी तर काहीच टाकलं नव्हतं!

मुलगी म्हणाली, "अगं आई, प्रत्येक ड्राइव्हची आपापली टोपली असते. पडद्यावर सगळ्यांची मिळून एकच दिसते. सकाळी ही डिस्क जोडलेलीच नव्हती, मग तिच्यातला कचरा जाणार कसा?"

तेव्हापासून रिकाम्या दिसणाऱ्या कशावरच माझा विश्वास उरलेला नाही. आमच्या ह्यांच्यावर तर नाहीच. भांडणानंतर धाकट्या भावाशी धरलेला अबोला ह्यांनी सोडला त्याला बरेच दिवस झाले. "माझ्या मनात आता काही नाही," असं शांतपणे सांगतात, आणि चेहराही तसाच, पुसून लख्ख. पण हे सांगताना भाऊजी समोर कुठे असतात?

रविवारी भाऊजी जेवायला आले. हे पुढे होऊन "ये, बस," म्हणाले. मी वाढता वाढता ह्यांच्या चेहऱ्यावर पाळत ठेवून होते. एक आठी उमटेल तर शपथ! दोघं भाऊ हसत जेवत होते. मला जरा लाजच वाटली.

मग भाऊजींनी ताट पुढे केलं. "वहिनी, अजून थोडा भात."

आणि त्या भांडणात ते मला काय काय बोलले होते, ते मला शब्दन् शब्द आठवलं.