वहीतला एकशे अडुसष्ट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. श्रावणातला सोमवार, संध्याकाळचे सात. खोलीत आम्ही तिघं: आई, शालनवहिनी आणि मी. आकडा एकशे बत्तीस. हे चारही तपशील मला पक्के आठवतात, त्यामुळे विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. एका पॉइंटवरून माणसं हमरीतुमरीवर येतात, पण माझा आकडा कोणी खोडत नाही. आईला अर्धांगवायूचा हलका झटका आल्यावर तिला सावेडीला आमच्याकडे आणलं, तेव्हाही मी लगेच वही केली. बीपी, साखर, गोळ्या — सकाळ-संध्याकाळ.

आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून गावाकडून, खर्ड्याहून, थोरल्या वहिनी आल्या. शेतात राबणारी, चौथी शिकलेली बाई — मी मनात असंच म्हणायचो. रोज दिवेलागणीला त्या मीठ, मोहरी, मिरच्या आईवरून ओवाळून तापल्या तव्यात टाकायच्या. ठसका लागला नाही की म्हणायच्या, "बघा आत्याबाई, केवढी नजर हुती! मिरच्या जळाल्या तरी वास न्हाई."

"एक्झॉस्टचा पंखा चालू आहे, वहिनी."

"मंग बरंच झालं की भावजी, नजर बी तिकडूनच गेली."

आणि आई हसायची. तोंड वाकडं झाल्यापासून ती माझ्याजवळ एकदाही हसली नव्हती.

अंधश्रद्धेची मला चीड आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. तेवढंच होतं का ते? केस विंचरायला, पाय चेपायला, नुसतं शेजारी बसायला — आई त्यांनाच हाक मारायची. मी बीपीचा पट्टा घेऊन आलो की दंड पुढे करायची, वीजवाल्याला मीटर दाखवावं तसा.

त्या सोमवारी मी ठरवून मोजलं. ओवाळण्याआधी एकशे अठ्ठावन्न. अर्ध्या तासाने — एकशे बत्तीस. मिरच्यांनी बीपी उतरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आजही आहे. कोणीतरी तिचा हात धरून बसलं होतं, म्हणून उतरलं असेल. पण ते कोणीतरी मी नव्हतो.

मी वहीत लिहिलं — एकशे अडुसष्ट.

दादाला फोन करून तो आकडा वाचून दाखवला. म्हणालो, या धुराने बीपी वाढतंय, वहिनींना घेऊन जा. डॉक्टरांना मात्र तो सांगितला नाही. म्हणजे एवढं भान होतं मला. दुसऱ्या दिवशी दादा आला. आई म्हणाली, "शालनला ऱ्हाऊ दे रं." मी वही पुढे केली. वहीपुढे कोण बोलणार?

त्यानंतर आई अडीच महिने जगली. संध्याकाळ झाली की दाराकडे बघायची. मी मोजत राहिलो.

तेराव्याला पंगती उठल्या. मोरीत भांडी घासताना वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? माझ्यामुळंच आत्याबाईंचं वाढलं न्हवं? तवापासनं नातवाची बी दृष्ट काढली न्हाई मी. हातच उचलत न्हाई."

नाही — एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "झालं गेलं, वहिनी."

त्यांनी मान डोलावली आणि पातेलं विसळायला घेतलं.