काका फक्त विचारतात

प्रश्न विचारायची लाज अजिबात न वाटणारा एकच माणूस देवाने घडवला आणि तो नेमका आमच्या ऑफिसात पाठवला. त्याच्या वाट्याची लाज शिल्लक राहिली, ती बहुतेक माझ्या अंगात भरली असावी. कारण काका कुणाला काही विचारायला लागले, की मला उगाच बुटांची नाडी बांधावीशी वाटायची, पायात चप्पल असली तरी.

त्यांना सगळे काकाच म्हणायचे. सगळी नोकरी त्यांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत काढली. प्लांटमध्ये फिरत राहायचं, मीटर बघायचे, रीडिंग घ्यायची, हे त्यांचं काम. कंपनी बंद पडली तेव्हा बरोबरचे ऑफिसर घरी बसले आणि हे मात्र उतारवयात कॉम्प्युटर शिकून उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या ऑफिसात लागले. जीन्सवाले, फर्निचरवाले यांच्या वेबसाइट सांभाळायचं आमचं ऑफिस. मी परभणीकडचा. नववीतून शाळा सोडून इकडे आलो आणि अंबरनाथच्याच आनंदनगरातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. शेअर रिक्षात काका शेजारी बसले आणि स्टेशन येईपर्यंत त्यांनी गाव, शिक्षण, शाळा का सोडली, रात्री जेवतोस काय, खोलीत किती जण झोपता, सगळं काढून घेतलं. मी घाबरून खरं सांगत गेलो. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. हे कसं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही, आणि उपकार एवढा मोठा की नीट आभारही मानता आले नाहीत.

त्यांनी मला शिकवलं ते लोड बॅलन्सरला विचारायला. मार्केटातल्या मोठ्या दुकानाच्या दारात एक माणूस उभा असतो बघा, आलेल्या गिऱ्हाइकाला "आप इधर, भाभी आप उधर" करत मोकळ्या काउंटरकडे पाठवणारा. वेबसाइटच्या दारातला तो माणूस म्हणजे लोड बॅलन्सर. फक्त तो आपल्या समोर नसतो, क्लाउडमध्ये, म्हणजे दूर कुठल्यातरी केंद्रातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर असतो. कुठली दारं उघडी आहेत, आतले कुठले सर्व्हर जिवंत आहेत, कुणाची किती वेळ वाट बघतोस, असे प्रश्न काकांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवले होते. रोज सकाळी एंटर दाबलं की कॉम्प्युटरमधलं एक अवजार ती फाइल घेऊन आपणहून जाऊन सगळ्या बॅलन्सरना विचारून यायचं. बदलायचं काहीच नाही. काकांना याचा फार अभिमान. "आपण बोट लावत नाही रे," ते म्हणायचे, "आपण फक्त विचारतो. कालची रीडिंग कालची. रात्रीतून कुणी काय फिरवून ठेवलं असेल, सांगता येतं का?"

हाच नियम ते बाहेरही लावायचे, आणि तिथे मी मरायचो. अंबरनाथ स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला गाठायचे. एमआयडीसीला जातोस का, चौथा पॅसेंजर पुढे बसवतोस की मागे, पुलावरून नेतोस की खालून. तो बिचारा सगळं सांगून मीटरला हात घालायचा, तोवर काका चालायला लागलेले. "ओ काका, बसायचं नव्हतं तर टाइमपास कशाला केला?" "बसतो कुठे म्हणालो? फक्त विचारलं." बदलापूरला ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं. तिथे पुरीच्या काउंटरवर झुंबड आणि पुलावाकडे शुकशुकाट बघून यांच्याने राहवेना. मधोमध उभे राहून पाहुण्यांना मोकळ्या काउंटरकडे पाठवायला लागले. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक काउंटरवर जाऊन विचारायचे, "चालू आहे ना? गरम आहे ना?" केटरर त्यांना मुलीचा मामा समजून उठून उभा राहत होता आणि मुलीचा मामा त्यांना केटरर समजून जिलबी कमी पडल्याबद्दल झापत होता. काकांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. मी मांडवाच्या खांबामागे उभा राहून जेवलो.

माझी ओळखही ते रीडिंगसारखीच करून द्यायचे. "हा आमचा मुलगा. शाळा नववीतून सोडली. बॅलन्सर बघतो." समोर पुण्याहून शिकून आलेली इंजिनिअर पोरं असली तरी तेच. त्यांच्या आवाजात कौतुक असायचं, पण मला त्यातलं फक्त 'नववी' ऐकू यायचं. एकदा फाइलमध्ये माझ्याकडून आमचे बॅलन्सर असतात त्या मुंबईच्या केंद्राऐवजी दुसऱ्याच गावच्या केंद्राचं नाव पडलं. अवजार गेलं, विचारून आलं, आणि उत्तर आलं कोरं. एकही बॅलन्सर नाही. चूक झाली असंसुद्धा म्हणेना. सगळं उडालं आणि ते माझ्याच हातून, असं धरून मी डबा पिशवीत भरला, सरळ गाडीने गावी जायचं म्हणून. काकांनी स्क्रीनकडे बघितलं. "अरे येड्या, शहाडच्या माणसाला बदलापुरात हाका मारतोस आणि ओ देत नाही म्हणून मेला म्हणतोस? पिशवी ठेव. गाव बदल आणि परत विचार."

पण सगळ्यात जास्त लाज मला ज्याची वाटायची, ते वेगळंच होतं. सकाळची रीडिंग झाली की काका उठून शेठच्या काचेच्या केबिनमध्ये जायचे. आवाज बाहेर येत नसे. दिसायचं एवढंच, की काका माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारतायत, शेठ कपाळाला हात लावतायत, दोन्ही हात वर करतायत. काका मान हलवून परत यायचे आणि कामाला लागायचे. रोज. मला उघड दिसत होतं, की मला कायम करा म्हणून काका रोज पदर पसरतायत आणि शेठ रोज नाही म्हणतायत. आमच्या घरी विचारणं म्हणजे मागणंच. दुसऱ्याच्या घरी भाजीत मीठ कमी लागलं तरी आई डोळ्यांनी दटावायची. आणि इथे माझ्यासाठी एक पांढऱ्या केसांचा माणूस रोज तोंड वेंगाडतोय. त्यांना "नका विचारू" म्हणायचं माझ्या ओठावर यायचं, पण ते म्हणायचं तर आधी "काय म्हणाले शेठ?" हे विचारावं लागलं असतं. तेवढं माझ्याने झालं नाही.

मग काकूंचे गुडघे धरले आणि दोघं नाशिकला मुलीकडे राहायला गेले. आता माझं कुणी विचारणारं नाही म्हणजे माझे दिवस भरले, असं मी समजून चाललो. एका सकाळी शेठच्या केबिनमध्ये एक टाय लावलेला मुलगा फाइल घेऊन बसलेला दिसला. माझ्या जागेवर येणारा हाच, असं मी धरलं. तो गेला आणि मला आत बोलावणं आलं.

"क्या रे," शेठ म्हणाले, "काका गए तो पूछना ही बंद?"

"काय विचारू, शेठ?"

"वही, जो काका पूछते थे. पूछ."

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत विचारलं. "शेठ, मला ठेवणार ना?"

"अडे, रखा हुआ है, बाबा. काका ने पहली बार पूछा, तभी पक्का कर दिया था. फिर भी रोज आके खडे. लडका है ना अपने यहां? मैं बोलता, साईं, कल ही तो हां बोला. तो बोलते, कल का कल, आज का बताओ." शेठ हसले, मग जरा थांबले. "सिर खा जाते थे. अब सुबह को कुछ खाली लगता है."

तो टायवाला इन्शुरन्स विकायला आला होता. आणि माझ्या पगारातून मध्येच पैसे कापायला लागले होते, तो पक्का झाल्याचा पीएफ होता; चुकांचा दंड असेल असं समजून मी आजवर गप्प बसलो होतो. हे मी शेठना सांगितलं नाही. खाली मान घालून बाहेर आलो. काका कुणापुढे पदर पसरत नव्हते. ते माझी खुर्ची जागेवर आहे का, एवढंच रोज बघून येत होते. आणि मी त्यांच्याकडे काचेतून बघत लाजेने त्याच खुर्चीत खाली खाली सरकत होतो.

संध्याकाळी नाशिकला फोन लावला. काकांनी नेहमीसारखं सुरू केलं. बॅलन्सर काय म्हणतो, जीन्सवाल्याचा सर्व्हर जिवंत आहे का, जेवतोस का. सगळ्याची उत्तरं दिली आणि मग मी म्हणालो, "काका, तुम्ही कसे आहात?"

"मी?" ते म्हणाले. मग सांगायला लागले. साखर वाढली आहे. डावा डोळा धूसर झालाय. जावई चांगला आहे, पण घरात सगळे आपापल्या दाराआड. सोसायटीचा वॉचमन बोलका होता, तो बदलून गेला. खालच्या बागेत एक बाक आहे, त्यावर दुपारी ऊन येतं, मग उठावं लागतं. काही न गाळता, एकापाठोपाठ एक सांगत गेले. सगळं सांगून संपलं. तिकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, इकडे खोलीतल्या पोरांनी नळ सोडला. फोन मात्र कुणी ठेवेना.