हणमंतराव ड्रायव्हरचा लांबडा गेर

हणमंतराव ड्रायव्हर कसा माणूस हाय, ते मला इचारा. आख्ख्या हुमनाबादात त्याच्यावर ओरडायचा हक्क दोघांनाच हाय. एक त्याची बायको सुमनबाई, अन् दुसरा मी, चनमल्लप्पा, त्याच्या बसचा कंडक्टर. नोकरीभर त्यानं गाडी हाकली अन् मी घंटी मारली. आता दोघंबी रिटायर, घराला घर लागून. म्हणजे सुटका न्हाईच.

माणूस चांगला, पण हट्टी बघा. एकदा भालकी रोडला म्हशी आडव्या आल्या, तर हा हॉर्न मारायचं सोडून खाली उतरला अन् म्हशीच्या मालकाला जनावरं कशी राखावी ते शिकवत बसला. आत पाशिंजर उकडून निघायलेत, शिव्या मला द्यायलेत, अन् ह्याचं भाषण चालू!

आमच्या डेपोत जुन्या ड्रायव्हरांची एक रीत होती. घरच्या माणसाला आपल्या गाडीत बसवायचं न्हाई. बायको-लेकरं मागं बसली की ध्यान रस्त्यावरनं आरशात जातंय, अन् मंग गाडी झाडावर. कुणी पाळायचं, कुणी न्हाई. हणमंतरावानं मात्र असली पाळली की पुसू नका. सुमनअक्का माहेरला, हुलसूरला निघाली अन् स्टँडवर ह्याचीच गाडी लागलेली असली, तर तिला मागली गाडी येईपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवायचा. शेंगा घेऊन द्यायचा, पण गाडीत घ्यायचा न्हाई. सगळ्या तालुक्याला फिरवलं ह्यानं, अन् लग्नाच्या बायकोनं ह्याला गाडी चालवताना एकदाबी बघितलं न्हाई. मला तवाबी राग यायचा, आताबी येतोय.

तर झालं असं की ह्याच्या पोरानं, तानाजीनं, हैदराबादला नोकरीत असताना एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक. दारं दोन, सीटा दोन, अन् बुटकी एवढी की बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मंग कंपनीनं पोराला परदेशात धाडलं अन् गाडी आली बापाच्या अंगणात, ताडपत्रीखाली. एक दिवस पोराचा फोन आला की गिऱ्हाईक मिळालंय, येत्या रविवारी दुपारी हैदराबादवरनं येऊन गाडी घेऊन जाईल.

सुमनअक्का तूर पाखडायली होती. सूप खाली ठेवून म्हणली, "अवो, जायच्या आधी मला हिच्यातनं हुलसूरला न्या. तुमी चालवायलाव अन् मी बाजूला बसून तुमाला बघायलेय, एवढं एकदा होऊ द्या. आता कुठला डेपो आडवा येतोय?"

संध्याकाळी हणमंतराव माझ्याकडं आला, तोंड एवढंसं करून. "कंडक्टर, तिला नेल्याबिगर मी गाडी देत न्हाई."

"मंग ने की. आडवलंय कुणी?"

"गेर पडत न्हाई रे."

खरंच पडत नव्हता. वरसभरापास्नं ह्याचा डावा खांदा आखडलेला. बीदरच्या डॉक्टरनं व्यायाम सांगितला तर हा डॉक्टरलाच म्हणाला, मी जलमभर व्यायामच केलाय. अन् त्या गाडीचा गेर! दांडा तुरीच्या शेंगेएवढा, कोपराच्या मागं कुठंतरी, अन् कडक असा की पोरासोरांनी मनगटाचा झटका द्यावा तवा कुठं पडायचा. हणमंतरावानं झटका दिला की गेर जागेवरच, अन् "आई गं!" मातर गल्लीभर.

मंग आमचा कारखाना सुरू झाला, अंगणातच. गाडी जॅकवर चढवली, खाली विटा रचल्या, गेरबॉक्सचं जुनं तेल काढलं. काकवीसारखं काळं निघालं. गाडीच्या पुस्तकात लिवलेलं तेल आणून भरलं. थोडा फरक पडला. मंग गेरच्या सळईचा बुश, म्हणजे तिच्याभोवतीचं कडं, झिजलेला दिसला, तो बंडेप्पा लेथवाल्याकडनं नवा करून घेतला. दांडा डगमगायचा थांबला, पण कडकपणा काही जाईना. सुमनअक्का येता-जाता म्हणायची, "मी म्हणलं हुलसूर, तुमी तर गाडीचं बाळंतपणच काढलंव."

एका सकाळी हणमंतराव हापश्यावर तोंड धुवायला होता. एकदम थांबला, तोंडाला साबण तसाच. "कंडक्टर, हापश्याचा दांडा लांब कामून असतोय?"

"तुझ्यासारख्या म्हाताऱ्यालाबी पाणी काढता यावं म्हणून."

"मंग गेरचा दांडा लांब केला तर?"

गेला तसाच बंडेप्पाकडं. गेरची मूठ फिरवून काढायची अन् त्याच आट्यांवर नळी बसवायची, गाडीला कुठं डाग नको, असं ठरलं. बंडेप्पानं इचारलं, "लांबी किती?" हणमंतराव स्टुलावर बसला, डोळे मिटले, मनातल्या मनात बस सुरू केली अन् डावा हात पुढं धरला. "इथवर." बंडेप्पानं हातापर्यंत नळी मापून घेतली. वर भंगारातली बसची काळी मूठ. बसवल्यावर ती गाडी कशी दिसायली म्हणून सांगू? नव्या नवरीच्या हातात सोटा दिल्यासारखी. पण गेर पडला बघा! अंगणात उभ्या गाडीत, क्लच दाबून, एकेक गेर दोन बोटांनी टाकला पठ्ठ्यानं. मी बाहेरनं बघायलो होतो, दुसरी सीट रिकामी. "देख्या क्या?" म्हणाला मला, अन् डोळ्यात पाणी.

रविवार उजाडला. सुमनअक्का इरकल नेसून, डोक्याला फुलं माळून आली. आम्ही तिला धरून त्या विहिरीत उतरवलं, दार लावलं. हणमंतरावानं गाडी सुरू केली, क्लच दाबला, दांडा डावीकडं घेऊन पुढं ढकलला.

"अगं आई! माझा गुडघा!"

पहिला गेर अन् दुसरा गेर डाव्या अंगाला असतोय. दांडा आखूड होता तवर ठीक. लांब झाल्यावर त्याची मूठ सरळ शेजारच्या माणसाच्या मांडीवर. अय्यो शिवा! आम्हा दोघांच्याबी डोस्क्यात हे आलंच न्हाई. कसं येणार? बसमधी ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजनाचं बोनेट असतंय. त्याच्यावर टावेल असतोय, डबा असतोय, म्हाताऱ्याचं गठुडं असतंय. माणूस नसतोय. जलमभरात ह्याच्या डाव्या हाताला कुणी बसलंच नव्हतं.

अक्कानं गुडघे दाराकडं वळवले तरी भागंना. जागा झाली, पण तेवढ्या लांब डावीकडं ह्याचा खांदा पोचंना. तिसऱ्यांदा कळ आली तवा ह्यानं गाडी बंद केली अन् स्टेरिंगवर डोकं टेकलं.

"उतर," म्हणाला. "न्हाई जमत. दुनियेला नेलं, तुला नेता येईना."

मी अक्काला वर वढायला दाराकडं गेलो. अन् दुपारी तर गिऱ्हाईक दारात.

सुमनअक्का उतरली न्हाई. तिनं पदर खोचला, ती काळी मूठ दोन्ही हातांनी धरली अन् म्हणाली, "कुठं ढकलायचं ते सांगा."

"अगं, क्लच दाबल्याबिगर..."

"क्लच तुमी दाबा. पायाला काय झालंय तुमच्या?"

मी फाटक उघडलं. आडत बाजाराचं आवार रविवारी मोकळं असतंय, तिथं शिकवणी झाली. हा ओरडायचा, "येक!" ती ढकलायची. "दोन!" ती वढायची. गाडी बेडकासारख्या उड्या मारायली. "आधी मी दाबतो, मंग तू!" "मंग नीट सांगा की, तोंडात काय हाय का?" पण मूठ तिच्या मांडीजवळच, हात सरळ, खांदा शाबूत. थोड्या येळानं ह्यानं "दोन" म्हणायच्या आधीच इंजनाचा आवाज ऐकून तिचा हात तयार. मला राग आला. नोकरीभर ह्याच्या इंजनाचा आवाज वळखणारे कान माझे होते हो! अन् गाडीत सीटा दोनच. कंडक्टरला जागा न्हाई. मी आपला स्कूटर काढून मागं.

हुलसूरचा रस्ता म्हणजे घडीला गतिरोधक, घडीला बैलगाडी. येक, दोन, तीन, परत दोन. काचेतनं मला दिसायचं, ह्याचे दोन्ही हात स्टेरिंगवर अन् अक्काची मान खाली, दांड्यावर. वेशीत तिचा भाऊ ग्यानबा सगळं गाव घेऊन उभा. "आलो दाजी, आलो," करत धावला. गाडी थांबली, लोकांनी दोघांना वर वढून काढलं. ग्यानबानं इचारलं, "अक्का, कशी चालवत्यात गं दाजी?"

ती घाम पुसत म्हणली, "काय माहीत बाबा! सगळा रस्ता मी गेरलाच बघत आले."

सगळे हसले. हणमंतरावबी हसला, पण कसंनुसं. मी त्याला वळखतो. त्याला लागलं ते.

गिऱ्हाईकासाठी मी जेवण झाल्या झाल्या पुढं निघालो. हैदराबादचा बोलघेवडा गडी होता, घरी थांबंना, मला घेऊन हायवेच्या फाट्यावर चहाच्या टपरीला येऊन बसला. म्हणलं, आत्ता येतील, इथंच गावाकडं वळतील. अन् खरंच, बसवकल्याणकडनं लाल गाडी आली, मोकळ्या रस्त्यानं, सरळ रेषेत. वरच्या गेरात होती. वरच्या गेरात दांडा ड्रायव्हरच्या अंगाला सरकतोय, त्याला कुणी हात लावायचं काम न्हाई. फाटा आला. मी हात केला. गाडी आमच्यासमोरनं गेली ती गेलीच, थेट हैदराबादच्या दिशेनं.

"अजी चच्चा, गाडी तो निकल गई!" गिऱ्हाईक उठून उभा.

मी फोन लावला. लई वाजला, मंग सुमनअक्कानं उचलला. मी ओरडलो, "अक्का, फाटा मागं राहिला! ड्रायव्हरला म्हणावं गेर कमी कर, वळव गाडी!"

"न्हाई वळवत," ती म्हणली. "वळवायचं म्हणलं की मला गेर टाकावा लागतोय. आत्ता कुठं हात मोकळा झालाय, अण्णा. मी ह्यांना बघायलेय. ठेवा फोन."