ओळखीची गाडी

आमच्या गावाला दोनच कामं नीट जमतात, चहा पिणं आणि नावं ठेवणं. मुंजाजीला गावानं 'पाखरमोज्या' हे नाव ठेवलं होतं. त्याची तिरडी उचलताना कुणीतरी 'पाखरमोज्या गेला' असं म्हणालं, तेव्हा मी त्या माणसाकडे असं पाहिलं की खांदा द्यायला आलेला तो मागच्या मागे घरी गेला. माझं किराणा दुकान आहे आणि मुंजाजीचं घर बरोबर समोर. त्याची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली तर तिच्यात मीठमसाला जास्त पडेल. मीठमसाला विकून मी पोट भरतो खरा, पण इथे मला तो नको आहे.

देवगाव फाट्यावरून आत आलं की आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला नजर पोचेल तिथवर गवताचा माळ होता. निजामी अमलात तो एका जागीरदाराचं राखीव शिकारीचं रान होता, लोक त्याला शिकारगा म्हणायचे. जागीरदार पाहुणे घेऊन आला की गावातली तरणी माणसं हाका घालायला धरून न्यायची. आरडाओरडा करायचा, डबे बडवायचे आणि जनावरं बंदुकीपुढे रेटायची. मजुरी नाही, भाकर नाही, निव्वळ बेगार. मुंजाजीनं असे पुष्कळ हाके घातले होते. एकदा गाभण हरणी त्याच्या पायाजवळून गोळीच्या तोंडी गेली, ते तो म्हातारपणीही सांगायचा.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, जागीर गेली, माळ सरकारजमा झाला. गावात साखर वाटली गेली. ती माझ्या दुकानातली होती, म्हणून मला चांगली आठवते.

मग दोनेक वर्षांनी जंगलखात्याचे दिनकरराव सायकलवर बसून आले. मारुतीच्या पारावर त्यांनी लोक गोळा केले आणि सांगितलं, की माळावर काळवीट आणि माळढोक किती उरलेत हे दर वर्षी मोजायचं आहे. सरकारजवळ त्यासाठी माणसं नाहीत आणि पैसाही नाही. ज्याला मनापासून वाटेल त्यानं आपली गाडी घेऊन यावं. गाव खो खो हसलं. बेगार गेली म्हणून साखर खाल्ली, आता घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी कोण भाजणार? तेव्हा मागून मुंजाजी उभा राहिला.

"सायेब, मोजल्यावर मारायचं तर न्हाई ना?"

मारू नये म्हणूनच मोजायचं, असं दिनकरराव म्हणाले. मुंजाजीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गाडीला वंगण घातलं. गाडीत दुसरे डोळे हवेत म्हणून त्यानं मला ओढलं. मी गेलो ते दुकानात माशा मारून कंटाळलो होतो म्हणून. परोपकाराचं खोटं श्रेय मी घेणार नाही.

दिनकररावांनी आम्हांला मोजायची रीत शिकवली. पायी माणूस दिसला की माळढोक लांबूनच उडतो. बैलगाडीला तो तेवढा भीत नाही, कारण शेतातून ती रोज हिंडताना दिसते. त्यातही तीच गाडी, तेच बैल, तीच घंटा आणि तीच वाट असेल तर पाखरू हळूहळू जवळ येऊ देतं. त्यांना तुमची ओळख पटू द्या, असं ते दर खेपेला बजावत. मुंजाजीनं ते देवाच्या शब्दासारखं धरलं. गणती वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात असायची. हा मात्र शेतातून येता-जाता वाकडी वाट करून माळाच्या कडेनं गाडी न्यायचा. मोरा आणि हौशा हे त्याचे बैल. मोराच्या गळ्यात पितळेची घंटा होती, तिचा आवाज मला माझ्या दुकानात कळायचा.

खळ्यावर धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. मुंजाजी पाखरंही तशीच मोजायचा. पहिला माळढोक दिसला की हळूच म्हणायचा, "लाभ." मी त्याला चिडवायचो, की पाखरं काय पोत्यात भरून घरी न्यायचीत? तो म्हणायचा, डोळ्याला दिसलं हाच लाभ.

माळढोक ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगावं! माणसाच्या कमरेएवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की जुन्या अमलातला तहसीलदार वाटावा. पावसाळ्यात नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि हुम्म असा आवाज काढतो. सकाळी तो आवाज गावापर्यंत यायचा. मुंजाजी त्या वेळी दूध काढत असला तर त्याचे हात थांबायचे आणि म्हैस वैतागायची.

पण दर गणतीला पाखरं कमीच भरत गेली. शिकाऱ्यांच्या जिपा यायला लागल्या, गुरं घुसायला लागली. शेवटी आमच्या बाजूला एक नर आणि एक मादी उरली. श्रावणात दिनकरराव आले ते तोंड उतरवून. वर असं ठरत होतं, की पाखरं संपलीत तर माळ नांगरायला खुला करावा. या भाद्रपदाच्या गणतीत जोडी दिसली आणि मादी अंड्यावर बसलेली सापडली, तर मला भांडता येईल, असं ते म्हणाले. नाहीतर माळ गेला.

थोड्या दिवसांनी मादी अंड्यावर बसलीच. मुंजाजीनं मला नेऊन दाखवली. माळावर एकच पळस होता, त्याच्या पलीकडे उघड्या जमिनीवर ती बसली होती. घरटं नाही, आडोसा नाही. आमची गाडी घंटा वाजवत पुढून गेली. तिनं नुसती मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. मुंजाजीचे डोळे भरून आले.

"लेकरू हाय तितं, आप्पा," तो म्हणाला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. त्या साली दुष्काळ नव्हता, पण तेरावा महिना आला. भाद्रपदाचाच अधिक होता. त्यामुळे गणती पुढे गेली आणि जावई आधी आला.

नर्मदा ही मुंजाजीची एकुलती एक लेक, सोनपेठकडे दिलेली. जावई चंद्रभान. जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात, पण बाकीचे नऊ निदान केसांना सुगंधी तेल लावून फिरत नाहीत. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. मुंजाजीनं त्याचे पाय धुतले, मुंजाजीच्या बायकोनं, कडूबाईनं, कुंकू लावलं, पुरणाचे धोंडे वाढले. चंद्रभाननं बरोबर दोन दोस्त आणले होते आणि सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. अंथरूण असेल असंच सगळ्यांना वाटलं.

ताट वाढल्यावर जावई हात आखडून बसला. हा रुसवाही रीतीचाच. सासूनं काय पाहिजे ते विचारायचं, त्यानं मागायचं आणि ते द्यायचं. कडूबाईनं विचारलं. सोन्याचं काही मागतो की काय म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. चंद्रभान म्हणाला, उद्या सकाळी गाडी-बैल द्या, दोस्तांना माळढोक बघायचा आहे, तुमच्या गाडीला तो उडत नाही म्हणतात.

मुंजाजीचा चेहरा असा फुलला की मला अजून तो दिसतो. इतक्या वर्षांत गावातल्या एकानंही त्याला 'दाखव तुझं पाखरू' म्हटलं नव्हतं. तो स्वतः गाडी हाकायला निघाला होता, पण जावई म्हणाला, मामा, तुम्ही कशाला, मी हाकतो. जावयाला आपल्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत. मग ओट्यावर बसून मुंजाजीनं त्याला सगळं नीट समजावलं. ओढ्याकडूनच जा. बैलांना दामटू नका. मोराची घंटा काढू नका. कुणी खाली उतरू नका. पळसापाशी लांबून वळा, तिथं अंडं आहे. उंचवट्यावर नर असेल, तो हलायचा नाही.

सकाळी मुंजाजी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. वरून हुम्म ऐकू आलं. मग लांब, बारीक, घंटा. तो लहान पोरासारखा हसला आणि म्हणाला, पोचले.

मग बार झाला.

मुंजाजी उठून उभा राहिला. बंदुकीचा आवाज त्याला कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. जन्मभर ज्या बेगारीला त्यानं शिव्या दिल्या ती त्यानं पुन्हा एकदा केली होती. या खेपेला ओरडावंही लागलं नव्हतं.

घंटा वाजवत गाडी आली. दोस्त हसत होते. पाखराची पांढरी मान गाडीच्या साट्याच्या फळ्यांवरून खाली लोंबत होती आणि चाकाच्या लोखंडी धावेला घासून लाल झाली होती. कडूबाई दारात आली, तिनं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की अधिकाचा महिना आहे, हे घरात येणार नाही. चंद्रभान म्हणाला, आम्ही सोनपेठला नेतो. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दुकानाच्या ओट्यावरून उतरलो, जावई असो की जावयाचा बाप, आज त्याचं तेल उतरवायचं म्हणून. मुंजाजीनं माझा हात धरला.

"पोरीला तितं नांदायचं हाय, आप्पा."

दाराआड नर्मदा उभी होती. मी परत वर चढलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुपारी मुंजाजीनंच तीच गाडी जुंपली आणि सगळ्यांना फाट्यावर मोटारीला सोडून आला. पाखरू गोणपाटात बांधून गाडीतच ठेवलेलं, शेजारी लेक. मोटारीत चढायच्या आधी नर्मदा बापाच्या पाया पडली ती उठेचना. मला ठाऊक नव्हतं, दादा, एवढंच ती म्हणत राहिली. तुझा काय दोष, असं तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. परत आल्यावर त्यानं ओढ्यावर गाडी राखेनं घासली. साट्याचा डाग गेला नाही.

अधिक सरला आणि दिनकरराव गणतीला आले. मुंजाजीनं त्यांना सांगितलं, नर मारला, गाडी माझी होती, वाटही मीच सांगितली. जावयाचं नाव त्यानं घेतलं नाही. साहेबांनी सायकल भिंतीला लावली. मग म्हणाले, मादी तर आहे, अंडं आहे. ती बसलेली दिसली तरी मी भांडेन. चला.

आम्ही ओढ्याकडून वर चढलो. तीच वाट, तेच बैल. पळस अजून पुष्कळ लांब होता. घंटा वाजत होती. तेवढ्यात पळसापलीकडे मादी उभी राहिली. घंटेच्या दिशेनं तिनं एकदा पाहिलं, धावत सुटली आणि जड पंख हाणत पूर्वेकडे उडाली. इतकी वर्षं आम्हांला बघून जिनं नुसती मान वळवली ती जिवाच्या आकांतानं उडाली. मुंजाजीचं तोंड उघडलं होतं, पहिल्या पाखराचा शब्द ओठावर आला होता. तो त्यानं उच्चारला नाही.

साहेबांनी गाडी मागे घ्यायला लावली. आम्ही ओढ्यात दबा धरून तिची वाट पाहिली. ती आली नाही. ऊन तापलं तसे पळसाजवळ कावळे उतरले. मुंजाजी चप्पल टाकून धावला, पण तो पोचेपर्यंत त्यांचं आटपलं होतं. तो तिथेच जमिनीवर बसला. मी गेलो तेव्हा कवचाचे तुकडे गोळा करत होता, आणि ते पुन्हा जुळत नाहीत म्हणून मोठ्यानं रडत होता. मीही रडलो. दिनकरराव लांबच थांबले.

माळ खुला झाला. आता तिथे ज्वारी असते, कापूस असतो. गावातल्या सगळ्यांनी तुकडे घेतले, मुंजाजीनं घेतला नाही. मोराच्या गळ्यातली घंटा त्यानं काढली आणि आढ्याला बांधली. नर्मदा सणाला यायची, जावईही यायचा, मुंजाजी त्याला पाण्याचा तांब्या द्यायचा आणि गोठ्यात निघून जायचा.

भाद्रपद लागला की मात्र तो पहाटे उठून माळाकडे जायचा. पळस तेवढा बांधावर उरला होता, त्याच्याखाली उभा राहायचा. कधीतरी पूर्वेकडून ती मादी परत येईल, असं त्याच्या मनात होतं. ती आली नाही. शेवटच्या साली त्याचे गुडघे पार धरले होते, काठी टेकत, दर शेताला थांबत तो निघाला होता. मला बघवेना. मी म्हटलं, अरे, दारात गाडी आहे, बैल आहेत, मी हाकतो, बसून चल.

"गाडी नगं, आप्पा," तो म्हणाला. "गाडीची तिला वळख हाय."