मरळची माशी

दफेदार करीमखान यांनी चऱ्हाटाचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, तेव्हा खडकावर त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मांजरा नदीचं पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं होतं. अलीकडच्या काठावर आम्ही सगळे चऱ्हाट धरून उभे होतो. त्यात बाई मी एकटी.

दफेदारांनी हात वर केला. त्यांचे वरचे अंमलदार जमादारसाहेब ओरडले, "ओढा!"

आम्ही ओढलं.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. मुलूख निजामाचा, पण छावणीतल्या घोडेस्वारांच्या रिसाल्यावर गोरे साहेब होते. आमचे मालक त्या रिसाल्यात सवार. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून मालक लिहिते. माझं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं, तरी नोकरी मीही केली. कप्तानसाहेबांना मासे धरायचा नाद होता. त्यांच्या गळाच्या माशा मी बांधायची.

ही माशी म्हणजे गळाला रेशमानं बांधलेली पिसं. माशाला वाटतं किडा पडला, आणि तो तोंड मारतो. साहेबांनी मला एकदा करून दाखवली. पुढचं मी हातानं शिकले. प्रत्येक माशाची खोड वेगळी. महाशीर खोल धारेत राहतो, त्याच्या माशीला पोटात शिसं आणि वरून जरीची तार. लहान मासा वरवर फिरतो, त्याला डासाएवढी काळी माशी पुरते. शिंगाळा पिसाला भुलत नाही, त्याला मांसच लागतं. मरळ शेवाळात दबा धरून बसते. तिच्यासाठी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं बेडकाएवढं पोट करायचं, म्हणजे माशी बुडत नाही. गळाच्या टोकावरून शेळीचे ताठ केस असे वळवून बांधायचे की टोक झाकलं जावं. मग ती शेवाळावरून, काडीकचऱ्यातून सरकत जाते, कशातच अडकत नाही. हे काम किचकट. बोटं दुखायची.

पिसं आणून द्यायचे ते दफेदार करीमखान. मी त्यांना चाचा म्हणायची. तितराची, मोराची, कोंबड्याच्या मानेची पिसं रुमालात बांधून आणायचे.

"चाचा, कोंबडा जिता ठेवला का न्हाई?" मी विचारायची.

"जिता हाय बेटी. पर शरमेनं कोपऱ्यात बसलाय. कोंबड्या त्याला हसायल्यात."

मालक चिडायचे. "दफेदारसाब, तिला लई डोक्यावर चढवू नका."

"तू घोड्याला नीट खरारा कर बे. तुझ्यापेक्षा तिचं काम साफ हाय."

पुराच्या त्या दिवशी कप्तानसाहेब रजेवर गेलेले होते. दुपारी चौघे जण घोडे धुवायला मांजरेवर गेले: दफेदार, मालक, लक्ष्मण सवार आणि घोड्यांची निगा राखणारा मारुती सईस. नदीच्या मधोमध एक सपाट काळा खडक होता. उन्हाळ्यापासूनची वहिवाट अशी की खोगिराखालचे नमदे त्या खडकावर वाळत घालायचे, तिथं ते लवकर वाळत. पाणी घोट्याएवढं असायचं. आमच्यावर त्या दिवशी थेंब पडला नव्हता. पाऊस वर पाटोद्याच्या डोंगरात झाला होता, हे कोणाला माहीत नव्हतं.

पाणी आलं तेव्हा घोडे काठाला होते, ते सुटून छावणीकडं पळाले. माणसं खडकावर नमदे गोळा करत होती. नमदा टाकून पळाला असं सवाराबद्दल कोणी म्हणावं, हे त्यांना चाललं नसतं. नमदे गोळा झाले, पण तोवर वाट बंद झाली.

मोकळे घोडे बघून जमादारसाहेबांनी माणसं नदीकडं पळवली. ते जाताना साहेबाच्या बंगल्यावर थांबले, तिथं मी माशा बांधत बसले होते.

"पूर आलाय, दोर खडकापत्तुर फेकला जायचा न्हाई. साहेबाची लांब डोरी कुठं हाय?"

मी डोरीची चक्री, काठी आणि माशांचा डबा घेतला आणि त्यांच्यामागं निघाले. कोणी अडवलं नाही.

जमादारसाहेबांनी पहिल्यांदा महाशिराची माशी लावायला सांगितली. शिसं आहे, लांब जाईल. तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं. त्यांनी जोर लावून फेकली. ती खडकाच्या अलीकडं पडून बुडाली आणि तळाच्या दगडात रुतली. डोरी तोडावी लागली. खडकावरून लक्ष्मण ओरडला, "जमादारसाब, मासे मागून धरा! आदी आमाला धरा!" त्याला अशा वेळी सुद्धा बोलायला सुचायचं.

मी मरळची माशी बांधली. म्हणाले, "ही फेकू नका. वरच्या वळणावरून पाण्यात सोडा. पाणीच नेईल."

"कचऱ्यात अडकंल."

"न्हाई अडकत."

वळणावरून सोडली. मी चक्री सैल करत गेले. काटक्या, फेस, वाहून आलेला कडबा, सगळ्यातून ती पांढरी माशी सरकत खडकाशी गेली. मालकांनी पालथं पडून ती उचलली. आम्ही डोरीला सुतळी बांधली, सुतळीला चऱ्हाट, आणि तिकडून त्यांनी ते ओढून घेतलं.

खडक गुळगुळीत, चऱ्हाट बांधायला काही नव्हतं. म्हणून तिकडच्या माणसांनी ते धरायचं आणि एकानं त्याला लोंबकळत यायचं. दफेदारांनी हुकूम दिला. सईस पहिला, मग लक्ष्मण, मग मालक. दोघे आले. तिसऱ्या वेळी तिकडं वेळ लागायला लागला. काय बोलणं झालं ते मालकांनी मला पुढं एकदाच सांगितलं.

"तुमी जावा दफेदारसाब. मी धरतो."

"कावून? दफेदार तू हाय का मी?"

"तुमच्यामागं कोण धरणार?"

"काठावर तुझी बायको बघायली. तिच्यासमोर माझा हुकूम मोडू नको. चल बे."

मालक आले. हाताची कातडी सोलून निघाली होती. माझ्याकडं न बघता त्यांनी चऱ्हाट धरलं आणि पाय रोवले.

दफेदार पाण्यात उतरले तसे धारेनं ते खाली आमच्याच काठाकडं फेकले गेले. तिथं बाभळी होत्या, पाण्याखाली गेलेल्या. चऱ्हाट त्यांत गुंतलं. आम्ही ओढलं की ते अजून आवळायचं. सैल सोडलं की दफेदार खाली जायचे. मालक आणि लक्ष्मण विळे घेऊन बाभळीत शिरले. चऱ्हाट तोडून त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. नमदे त्यांनी पाठीला बांधले होते. चारही.

दुसऱ्या दिवशी त्यांना छावणीच्या कब्रस्तानात पुरलं. रिसाल्यानं सलामी दिली. साहेब रजेवरून आले आणि मी पुन्हा माशा बांधायला बसले. पिसं आता मीच शोधायची.

मालक पेन्शनीवर आल्यावर अंगणात बसून असायचे. लेकरं पुराची गोष्ट विचारायची तेव्हा ते उठून गोठ्यात जायचे. मग मी सांगायची. आता मलाही सांगायचा कंटाळा येतो, म्हणून लिहून ठेवलं.

दफेदार करीमखान गेले. मारुती सईस, लक्ष्मण सवार आणि, मालकांचं नाव एकदाच लिहिते, विठोबा सवार वाचले.