भगवंतराव सरांचं अडकलेलं पत्र

हिमानी कळंबे सौसरच्या एका नर्सिंग कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते. घर पांढुर्ण्याला. रोज सकाळच्या बसनं यायचं आणि आल्याबरोबर मेल सर्व्हरची रांग बघायची. कॉलेजचे मेल कॉलेजच्याच सर्व्हरवरून बाहेर जातात. जो लगेच जात नाही तो रांगेत थांबतो, आणि सर्व्हर थोड्या थोड्या वेळानं तो पुन्हा पाठवून बघतो. एरवी रांगेत चार-पाच मेल असायचे. कोणी पत्ता चुकवलेला, कोणाची मेलपेटी भरलेली. हिमानी नुसता पत्ता आणि अडल्याचं कारण बघायची, पाठवणाऱ्याला सांगायची आणि काढून टाकायची. तिच्या आधीचा माणूस नोकरी सोडताना एका वहीत पाच-सहा कमांड लिहून गेला होता. बाकीचं ती चुकतमाकत शिकली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिनं रांग उघडली तर पडद्यावर ओळी धावतच सुटल्या. थांबल्या तेव्हा खाली आकडा होता एक्केचाळीस हजार तीनशे बारा. कोणाला लॉटरी लागल्याचं कळवलेलं, कोणाला परदेशातल्या वारशाचं, आणि जवळजवळ सगळ्यांवर पाठवणाऱ्याचं नाव एकच, भगवंतराव सर.

भगवंतराव सर शरीररचना शिकवत. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. हिमानी स्टाफरूममध्ये गेली.

"सर, काल कुठं पासवर्ड टाकला होता का?"

"टाकला ना. मेलपेटी भरली म्हणून तुमच्याच ऑफिसातून आलं होतं. दुपारी."

"ते आमचं नव्हतं, सर."

तिनं त्यांचा पासवर्ड बदलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाहेरच्या मोठ्या मेल कंपन्यांनी कॉलेजचा सर्व्हर बंदीच्या यादीत टाकला होता. आता इथून निघालेला कुठलाच मेल कोणी घेत नव्हतं.

प्राचार्य अरविंद सरांनी सर्व्हरची देखभाल करणाऱ्या नागपूरच्या कंपनीतल्या भूपेंद्रला फोन लावला आणि मग हिमानीला बोलावलं. "सगळं उडवून टाका. भूपेंद्र म्हणते, रांग साफ झाल्याशिवाय बंदी उठवायचा अर्जच करता येत नाही."

"सर, त्याच्यात आपले खरे मेलही आहेत. थोडा वेळ द्या."

"एक वाजेपर्यंत. त्याच्या पुढं नाही."

इतर शिक्षकांचे त्रेसष्ट मेल नावावरून सापडले. ते तिनं बाजूला रोखून ठेवले. अडचण भगवंतराव सरांच्या नावाची होती. तिनं पुन्हा जाऊन विचारलं, "काल तुम्ही स्वतः कोणाला लिहिलं होतं?"

"एकच. आपल्या विद्यार्थिनीचं, नेहाचं, नोकरीसाठी शिफारसपत्र, हैदराबादच्या हॉस्पिटलला. संध्याकाळी सहाला."

त्यांनी पत्ता लिहून दिला. त्या पत्त्यावरून शोधल्यावर चाळीस हजारांतून ते पत्र निघालं. खरं आहे ना, हे बघायला हिमानीनं ते उघडलं, आणि वाचायचं नव्हतं तरी वाचलं गेलं. सरांनी लिहिलं होतं की पहिल्या वर्षी ही मुलगी त्यांना मंद वाटली होती, आणि ती त्यांची चूक होती. ती एकदा केलेलं काम पुन्हा तपासून बघते म्हणून तिला वेळ लागतो. आपली पत्नी शेवटच्या आजारात असताना तिला जिच्या हाती सोडून आपण निर्धास्त वर्गावर जाऊ शकलो, अशी ही एकच विद्यार्थिनी.

हिमानीनं तेही रोखून ठेवलं. एक वाजता बाकीचं सगळं काढून टाकलं. आकडा खाली यायला वीस मिनिटं लागली.

दोनच्या सुमारास नेहा आली, मोहगावहून, दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला. "मॅडम, हॉस्पिटलचा फोन आला होता. सरांचं पत्र पोहोचलं नाही, असं म्हणून राहिले. पाच वाजेपर्यंतच घेते म्हणे."

हिमानीनं तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावरची त्या पत्राच्या पत्त्याची ओळ दाखवली. "हे बघ, इथं आहे. तुझंच आहे."

"मग पाठवा ना जी."

"पाठवून राहिले. समोरचे घेत नाहीत."

भूपेंद्रनं अर्ज टाकला होता, पण बंदी उठायला एक ते दोन दिवस. भगवंतराव सरांनी तेच पत्र स्वतःच्या खासगी ईमेलवरून पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं, पत्र संस्थेच्याच पत्त्यावरून हवं. अरविंद सरांनी हॉस्पिटलला फोन केला. तिकडची बाई नम्रपणे बोलली, पण पाचला यादी बंद होते, तिच्या हातात काही नाही म्हणाली.

मग हिमानी दर दहा मिनिटांनी ते पत्र पुन्हा पाठवायची. दर वेळी पडद्यावर तीच नकाराची ओळ यायची. असं करून काही होणार नाही हे तिला माहीत होतं. पण नेहा शेजारी बसली होती, आणि हात नुसते मांडीवर ठेवून बसणं तिला जमेना.

साडेचारला भगवंतराव सर आले. दाराशीच उभे राहिले. "पोरी, हे माझ्यामुळं झालं."

"असं नका म्हणू सर," नेहा म्हणाली.

पाच वाजून गेल्यावर नेहानं पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि शेवटची बस चुकेल म्हणून निघाली.

शनिवारी दुपारी बंदी उठली. हिमानीनं रोखलेले त्रेसष्ट मेल सोडले, भराभर गेले. नेहाच्या पत्रापाशी ती थांबली आणि तिनं फोन लावला.

"आता कायले पाठवता मॅडम," नेहा म्हणाली. "राहू द्या."

हिमानीनं त्या पत्राचा रांगेतला क्रमांक टाकला आणि ते काढून टाकलं.

नेहा आता पांढुर्ण्याच्या एका लहान दवाखान्यात नोकरी करते. परवा हिमानी आईला बीपी दाखवायला तिथं घेऊन गेली होती. नेहानं ओळखलं, आईच्या दंडाला पट्टा बांधला, एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"मॅडम, सरांनी काय लिहिलं होतं हो त्या पत्रात? मी त्यांना कधी विचारलंच नाही."

दुसऱ्याचा मेल उघडून वाचला होता, हे हिमानीला सांगता येईना.

"चांगलंच लिहिलं असेल," ती म्हणाली.

नेहानं मान हलवली, कागदावर आकडा लिहिला आणि बाकावरच्या पुढच्या बाईला आत बोलावलं.